सातबाऱ्यावरून उभा राहिलेला पक्ष

खानदेशातल्या फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, म्हणून त्याची आठवण आपल्याकडे अजून निघते. त्याच वेळी तिथे आणखी एक मेळावा भरला होता, त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. तो होता अखिल भारतीय किसान सभेचा. मनमाडपासून पाचशे शेतकरी पायी चालत, गावोगाव सभा घेत तिथे आले होते. त्यांच्या स्वागताला पंडित नेहरू होते, शंकरराव देव होते, कॉम्रेड डांगे होते आणि मुंबईचा एक तरुण समाजवादी पुढारी होता, त्याचे नाव मिनू मसानी. सभेचे अध्यक्ष होते आंध्रातल्या गुंटूरकडचे शेतकरी पुढारी प्राध्यापक रंगा.

नेहरू, रंगा आणि मसानी, तिघेही त्या दिवसांत एकाच मांडवाखाली. शेतकऱ्याचे भले कशात आहे याबद्दल तिघांची मते फार लांब होती असे त्या वेळी कोणाला वाटले नसते. पुढे तेवीस वर्षांनी हेच रंगा आणि हेच मसानी नेहरूंच्या विरोधात नवा पक्ष काढून उभे राहिले. कारण घडले ते पुन्हा आपल्याच मुलखात, नागपूरला.

त्या पक्षाचे नाव स्वतंत्र पक्ष. निवडणुकीतली त्याची खूण तारा. स्वतंत्र हिंदुस्थानात ‘सरकारने लोकांच्या घरात, शेतात आणि दुकानात कमीत कमी हात घालावा, जुने ते सगळेच मोडू नये’ असे उघड सांगणारा हा पहिला मोठा पक्ष. इंग्रज लोक ज्याला काँझर्व्हेटिव्ह म्हणतात त्या वळणाचा. मसानींना स्वतःला उदारमतवादी म्हणवून घेणे जास्त आवडे, पण लोकांनी त्याला उजवा पक्षच म्हटले. आज साठी-सत्तरीत असलेल्या वाचकांनी लहानपणी त्याचे नाव ऐकले असेल. घरातल्या तरुण मुलांना ते ठाऊक असण्याचे कारण नाही. पण ज्यांच्या घरी एक गुंठाही जमीन आहे त्यांनी ही हकीकत वाचावी.

नागपूरला काय ठरले

१९५९ च्या जानेवारीत नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले. उच्छंगराय ढेबर तेव्हा अध्यक्ष होते. तिथे शेतीबद्दल एक ठराव झाला. देशातल्या शेतीची पुढची घडी संयुक्त सहकारी शेतीची असावी, असे त्यात म्हटले होते. म्हणजे शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनी एकत्र कराव्यात आणि एकत्र कसाव्यात. मालकी ज्याची त्याच्याकडे राहील आणि जमिनीच्या प्रमाणात त्याला निव्वळ उत्पन्नातला वाटा मिळेल. शिवाय जमीन असो वा नसो, जो राबेल त्यालाही कामाच्या प्रमाणात वाटा मिळेल. पहिल्या तीन वर्षांत गावोगाव सेवा सोसायट्या काढायच्या, कमाल जमीनधारणेचे कायदे त्याच वर्षाअखेर करायचे आणि धान्याचा व्यापार सरकारने हाती घ्यायचा, असाही विचार होता.

या ठरावामागचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. वाटण्या होऊन होऊन जमिनीचे तुकडे पडत होते. दोन एकरांच्या तुकड्यावर कोण विहीर खणणार आणि कोण बैलजोडी पोसणार? धान्य कमी पडत होते, परदेशातून आणावे लागत होते. चीनमध्ये शेती एकत्र करून उत्पन्न वाढले अशी बातमी होती आणि ती पाहायला १९५६ साली आपल्या सरकारने दोन पथके पाठवली होती. त्यांतल्या एकाचे प्रमुख नागपूरचेच आर. के. पाटील होते. पथकाने अहवाल दिला तो अशा शेतीच्या बाजूने, पण त्यातल्या काही सभासदांनी आपले वेगळे मत लिहून ठेवले. चीनमध्ये पुढे १९५८ पासून कम्यून आले आणि १९५९ ते १९६१ या काळात लाखो नव्हे, कोट्यवधी माणसे उपासमारीने मेली, हे जगाला कळायला बरीच वर्षे गेली. नागपूरच्या मांडवात बसलेल्यांना ते माहीत नव्हते.

तरी मांडवातच विरोध झाला. उत्तर प्रदेशचे चरणसिंग उठले आणि त्यांनी ठरावाविरुद्ध खणखणीत भाषण केले. शेतकरी आपल्या तुकड्यावर राबतो तसा दुसऱ्याच्या हुकमाखाली राबत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. ज्याने भावाभावांत एका विहिरीच्या पाळ्यांवरून झालेली भांडणे पाहिली आहेत त्याला हे पुस्तकातून वाचावे लागत नाही. सख्ख्या भावांचे एका मोटेवर जमत नाही, तिथे साऱ्या गावाचे एका नांगरावर कसे जमावे, असे पारावर बसलेला कोणीही म्हणाला असता.

सातबाऱ्यावर नाव राहील, पण बांध राहणार नाही. मग बांध नसलेली जमीन आपली कशी? भीती इथे होती. ठरावात सक्तीचा शब्द नव्हता. पुढच्याच महिन्यात नेहरूंनी लोकसभेत सांगितलेही की कोणावर जबरदस्ती करायची नाही, तसा कायदाही करायचा नाही. पण शेतकऱ्याच्या मनात शंका शिरली की ती भाषणाने निघत नाही.

ऐंशी वर्षांचा म्हातारा

चरणसिंग काँग्रेसमध्येच राहिले, ते १९६७ पर्यंत. रंगा मात्र बाहेर पडले. ते तेव्हा काँग्रेसच्या संसदीय पक्षाचे चिटणीस होते. पद गेले, पक्षही सोडला. १९५९ च्या ४ जूनला मद्रासमध्ये नव्या पक्षाची घोषणा झाली आणि ऑगस्टच्या पहिल्या दोन दिवसांत मुंबईला त्याची स्थापना परिषद भरली. रंगा अध्यक्ष झाले, मसानी सरचिटणीस. सरदार पटेलांचे उजवे हात व्ही. पी. मेनन आले, कन्हैयालाल मुनशी आले.

पण पक्षाचा खरा प्राण होते राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी. वय ऐंशी. गांधीजींचे व्याही, देशाचे पहिले आणि शेवटचे हिंदी गव्हर्नर जनरल, भारतरत्न. ज्या वयात माणूस नातवंडांना रामायण-महाभारत सांगतो (आणि ते काम तर राजाजींनी पुस्तके लिहून केलेच होते) त्या वयात हा माणूस आपल्या जुन्या मित्राच्या सरकारविरुद्ध गावोगाव सभा घेत फिरू लागला. सरकारच्या कारभाराला त्यांनी दिलेले ‘परमिट-लायसन्स-कोटा राज’ हे नाव अजून जिभेवर आहे.

ते नाव का चिकटले हे शहरातल्या माणसापेक्षा खेड्यातल्या माणसाला लवकर कळते. विहीर बांधायची तर सिमेंटचे परमिट पाहिजे. लग्नकार्याला साखर पाहिजे तर तहसीलदाराच्या दारात अर्ज. घरात पिकलेली ज्वारी, पण लेव्ही घातल्याशिवाय सुटका नाही. त्या काळात कागद हलवण्यासाठी कितीदा एस.टी.ने तालुक्याला जावे लागे आणि साहेब ‘आज मीटिंगला गेलेत’ हे कितीदा ऐकावे लागे, हे जुन्या मंडळींनी सांगावे. राजाजींचे बोलणे नुसते बोलणेही नव्हते. १९५२ साली ते मद्रासचे मुख्यमंत्री झाले तेव्हा त्यांनी रेशनिंग आणि धान्यावरची बंधने एका फटक्यात उठवली होती. हाहाकार होईल असे भाकीत होते. तसे काही झाले नाही.

मात्र राजाजींची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच कारकिर्दीत १९५३ साली त्यांनी प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली. पोराने अर्धा वेळ शाळेत बसावे आणि उरलेला वेळ बापाचा धंदा शिकावा. ऐकायला बरी वाटते. पण याचा अर्थ चांभाराच्या पोराने चप्पलच शिवायची आणि न्हाव्याच्या पोराने वस्तराच चालवायचा, असे लोक म्हणाले, आणि त्यांचे चुकले नव्हते. मद्रास राज्य पेटले. राजाजींना १९५४ साली मुख्यमंत्रिपद सोडावे लागले आणि त्यांच्या मागून आलेल्या कामराजांनी ती योजना मोडीत काढली. जुने मोडू नका, असे म्हणणाऱ्याने आपण जुन्यातले नेमके काय सांभाळतो आहोत हे तपासावे लागते. स्वतंत्र पक्षाला हा प्रश्न शेवटपर्यंत चिकटून राहिला.

राजे आले, शेतकरी मागे पडले

पक्षाने एकवीस तत्त्वे ठरवली होती. शेवटचे तत्त्व तर आजच्या पुढाऱ्यांना चमत्कारिक वाटेल. या तत्त्वांत न बसणाऱ्या बाबतींत पक्षाच्या प्रत्येक सभासदाने आपल्या बुद्धीने मत द्यावे, व्हिप नको. असा पक्ष आपल्याकडे पुन्हा निघाला नाही.

वाढला मात्र झपाट्याने. तीन वर्षांचा असताना १९६२ च्या निवडणुकीत लोकसभेच्या १८ जागा मिळाल्या. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींना सुमारे अडीच लाख मतांपैकी १ लाख ९२ हजारांवर मते पडली. गिनीजच्या विक्रमांच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. बिहारमध्ये रामगढच्या राजांनी हेलिकॉप्टरने प्रचार केला आणि विधानसभेच्या ५० जागा पक्षाच्या पदरात पडल्या. ओरिसातल्या संस्थानिकांचा गणतंत्र परिषद नावाचा पक्ष होता, तो याच सुमारास स्वतंत्र पक्षात विलीन झाला.

आणि इथेच खोट झाली, असे मला वाटते. पक्ष निघाला होता दहा-वीस एकरवाल्या कुणब्याच्या भीतीतून, पण व्यासपीठावर दिसू लागले राजे, सरदार आणि कारखानदार. नेहरूंनी त्याची संभावना गढ्या आणि जमीनदारांच्या मध्ययुगातला पक्ष अशी केली, ती लोकांना पटली ती त्यामुळे. रामगढच्या राजांसारखे लोक जसे आले तसे आपला गोतावळा घेऊन थोड्या वर्षांत निघूनही गेले.

गुजरातेत चित्र वेगळे होते. तिथे भाईलालभाई पटेल, म्हणजे लोकांचे भाईकाका, पक्षाचे पुढारी होते. पेशाने इंजिनियर. सिंधमधल्या सक्करच्या धरणावर काम केलेले आणि चरोतरच्या भागात वल्लभ विद्यानगर वसवलेले. खेडा जिल्ह्यातला तंबाखूवाला पाटीदार आणि तिथला क्षत्रिय यांची त्यांनी मोट बांधली. १९६७ मध्ये गुजरात विधानसभेच्या १६८ पैकी ६६ जागा स्वतंत्र पक्षाला मिळाल्या. त्याच साली लोकसभेत ४४ खासदार आले आणि हा पक्ष विरोधी बाकांवर सगळ्यांत मोठा झाला. ओरिसात तर स्वतंत्र पक्षाचे सिंगदेव मुख्यमंत्री झाले.

महाराष्ट्रात काय झाले? १९६२ साली विधानसभेत शून्य. १९६७ साली शून्य. ज्या नागपूरच्या ठरावावरून सारे घडले ते नागपूर आपले आणि पक्षाची स्थापना परिषद भरली ती मुंबईही आपली, पण मराठी शेतकऱ्याने ताऱ्यापुढे शिक्का मारला नाही.

याचे एक कारण उघड आहे. १९५९ साली इथल्या माणसाच्या डोक्यात एकच विषय होता, संयुक्त महाराष्ट्र. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. सहकार या शब्दाचा आपल्याकडे अर्थच निराळा झाला होता. प्रवरेकाठी लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन, १९५० च्या सुमारास साखर कारखाना उभा केला होता. तिथे शेतकऱ्याने ऊस एकत्र केला, जमीन नाही. बांध जागेवर, सातबारा जागेवर आणि कारखान्यात शेअर. दिल्लीचे पुढारी ज्या शब्दाने शेतकऱ्याला घाबरवत होते त्याच शब्दाने इथे त्याच्या घरात पैसा येऊ लागला होता. मग सहकाराच्या विरुद्ध ओरडणाऱ्या पक्षाला तो का मत देणार? यशवंतराव चव्हाणांनी कारखानदारीचे हे जाळे काँग्रेसभोवती विणले आणि विरोधकाला शिरायला फट ठेवली नाही. त्या जाळ्यात पुढे कोळी कोण झाला हा निराळा विषय.

तरी जमीन सरकारने कसली तर काय होते, याचा एक मासला आपल्याही घरात आहे. इंग्रजी अमदानीत नगर, नाशिक, पुणे, सोलापूरकडच्या शेतकऱ्यांनी खाजगी साखर कारखान्यांना जमिनी खंडाने दिल्या होत्या. १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला, कारखान्यांकडची जादा जमीन सरकारजमा झाली आणि १९६३ साली शेती महामंडळ निघून तिथे सरकारी शेती सुरू झाली. मूळ मालक, म्हणजे खंडकरी, बाजूलाच राहिले. जमीन परत मिळवण्यासाठी त्यांच्या दोन-तीन पिढ्या मोर्चे काढण्यात आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात गेल्या.

एका कलमातले वाक्य

सहकारी शेतीचे पुढे काय झाले, तर काहीच नाही. तिसऱ्या योजनेत नमुन्यादाखल काही सोसायट्या निघाल्या. त्यांतल्या बऱ्याच कमाल धारणेतून जमीन वाचवण्यासाठी बड्या घरांनी कागदावर काढल्या, तर काही पडीक जमिनीवर भूमिहीनांना बसवून सरकारी अनुदानावर चालवल्या. अनुदान संपले की सोसायटी संपली. स्वतंत्र पक्षाने ही लढाई जिंकली असेच म्हणावे लागेल, जरी एकट्याने नसली तरी.

१९६४ साली आलेली सतरावी घटनादुरुस्ती तर आपल्या थेट अंगणातली. तोवर जमीन सुधारणेच्या कायद्यांना जे संरक्षण होते ते मुख्यतः जमीनदारी मुलखापुरते होते. आपल्याकडची जमीन बहुतेक रयतवारी. या दुरुस्तीने रयतवारी जमीनही त्या व्याख्येत ओढली गेली आणि ४४ कायदे एकदम नवव्या परिशिष्टात गेले, म्हणजे कोर्टाच्या तावडीबाहेर. रंगा, मसानी आणि त्यांच्या साथीदारांनी याविरुद्ध संसदेत आणि बाहेर रान उठवले. दुरुस्ती मंजूर झाली, पण तिच्यातच एक अट घातली गेली. कमाल मर्यादेच्या आतली आणि स्वतः कसत असलेली जमीन सरकारने घेतली तर बाजारभावापेक्षा कमी मोबदला देता येणार नाही. हे वाक्य आजही घटनेच्या ३१-अ कलमात आहे. रस्त्या-धरणासाठी जमीन जाणाऱ्या घरांनी ते आपल्या वकिलाला विचारून समजून घ्यावे.

मग पक्ष बुडाला का? १९६९ साली इंदिराबाईंनी बँका सरकारजमा केल्या, संस्थानिकांचे तनखे बंद करायला घेतले आणि १९७१ साली ‘गरिबी हटाव’ म्हणत त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. स्वतंत्र पक्षाने इतर विरोधकांशी आघाडी केली. ४४ चे ८ झाले. मसानींनी पक्षाचे अध्यक्षपद सोडले.

माझ्या मते याचे उत्तर दिल्लीत शोधण्यापेक्षा आपल्या गावात शोधावे. गावात सातबारावाले किती आणि बिनसातबाऱ्याचे किती? नागपूरच्या ठरावात राबणाऱ्या भूमिहीनाला एक वाटा लिहिलेला होता. कागदावरचा का होईना, होता. स्वतंत्र पक्षाने तो कागद फाडला आणि बरोबर फाडला, पण त्या भूमिहीनाच्या हातात दुसरे काय ठेवले? सरकारने हात काढून घ्यावा, हे ज्याच्याजवळ काही आहे त्याला पटते. ज्याच्याजवळ काहीच नाही तो विचारतो, मग माझे काय? इंदिराबाईंनी त्याला निदान उत्तर दिल्यासारखे केले.

१९७२ च्या नाताळच्या दिवशी राजाजी गेले. १९७४ साली पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला. नागपूरच्या मांडवात ज्यांनी आतून विरोध केला त्यांच्याच घरी शेवटी हे बिऱ्हाड आले. १९७७ साली लोकदलाच्या ‘चक्रात नांगरधारी शेतकरी’ या खुणेवर जनता पक्ष निवडून आला. जुने स्वतंत्रवाले एच. एम. पटेल अर्थमंत्री झाले. आणि त्याच सरकारच्या अमदानीत, १९७८ साली, ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढून टाकला. आता तो ३००-अ कलमात साधा कायदेशीर हक्क म्हणून उरला आहे. ज्या हक्कासाठी ऐंशी वर्षांचा म्हातारा उन्हातान्हात फिरला तो गेला तेव्हा त्याचे जुने शिष्य सरकारात बसलेले होते.

महाराष्ट्रात त्या विचाराला पुन्हा पालवी फुटली ती वेगळ्याच बुंध्याला. कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेले शरद जोशी यांनी १९९४ साली राजकीय पक्ष काढला. त्याला नाव दिले स्वतंत्र भारत पक्ष आणि वारसा सांगितला राजाजींचा. चाकणच्या आणि निफाडच्या शेतकऱ्याने जोशींच्या सभेला लाखांनी गर्दी केली. मते देताना मात्र त्याने पुन्हा हात आखडता घेतला.

आणि रंगा? ते सत्तरीच्या दशकात परत काँग्रेसमध्ये गेले. १९३० साली ते पहिल्यांदा दिल्लीच्या कायदेमंडळात गेले होते. १९८० पासून गुंटूरचे काँग्रेसचे खासदार म्हणून, आधी इंदिराबाईंच्या आणि मग राजीव गांधींच्या बाकांवर, ते १९९१ पर्यंत लोकसभेत बसत होते. १९९५ साली ते वारले. फैजपूरच्या मांडवातले मसानी त्यानंतर तीन वर्षांनी मुंबईत गेले, स्वतंत्र पक्षाचे म्हणूनच.